घाटात दम सोडणारी 1993 ची मारुती 800

गाडी 1993 ची मारुती 800. कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग), 796 सीसी, तीन सिलिंडर. पासिंग एमएच 11, म्हणजे साताऱ्याची. मालक वाईचे निवृत्त शिक्षक, आणि गाडी पहिल्या दिवसापासून त्यांच्याकडेच. दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण, वर पर्यावरण कर, असं सगळं रीतसर भरून त्यांनी ती चालती ठेवली आहे. पत्रा बरा, इंजिनाचा आवाज स्वच्छ, स्लोवर (उभ्या गाडीत, पाय न दाबता इंजिन चालू असताना) कप भरून ठेवावा तर थेंब सांडणार नाही. तक्रार एकच: पुण्याहून परत येताना खंबाटकीचा घाट लागला की गाडी मिसिंग करते, झटके देते, पिकअप सोडते आणि उरलेला घाट दुसऱ्या गिअरमध्ये 15-20 च्या वेगानं चढते. मागून ट्रकवाले हॉर्न मारत असतात ते वेगळंच.

आमच्याकडे येण्याआधी या गाडीचं बरंच काही बदलून झालं होतं. प्लग नवे, पॉइंट आणि कंडेन्सर नवे, कॉइल नवी, प्लगच्या वायरी नव्या. ही सगळी इग्निशनची, म्हणजे ठिणगी पाडणारी मंडळी. एसी पंप, म्हणजे इंजिनावरच्या कॅमवर चालणारा पेट्रोलचा पंप, तोही नवा. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केलेला. कामं वाईट केलेली नव्हती. पॉइंटचा गॅप बरोबर होता, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, खुणेवर होतं. आणि गंमत अशी की प्रत्येक कामानंतर गाडी आठवडा-दोन आठवडे छान चालायची, मग पुन्हा तेच. प्रत्येक वेळी वाटायचं की रोग सापडला होता, पण नवा पार्टच खराब निघाला. या प्रकरणाचा कणा तिथेच आहे, पण ते कळायला वेळ लागला.

मिस्त्री हा गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्यामुळे चर्चा मोकळी झाली.

"अरे, जाताना एकदासुद्धा असं होत नाही. होतं ते येतानाच," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, जाताना तुम्ही बोगद्यातून जाता. घाट चढायचा असतो तो येतानाच," मिस्त्रीनं सांगितलं.

उत्तर तर्काला धरून होतं. साताऱ्याकडून पुण्याला जाणारी वाहतूक तेव्हा बोगद्यातून जात होती आणि पुण्याहून येणारी घाट चढून. हा रस्ता ज्यांच्या पायाखालचा आहे त्यांना हे सांगायला नको. जाताना चढ कमी, येताना जास्त, म्हणून येताना त्रास. इतकं सरळ स्पष्टीकरण हाताशी असलं की माणूस दुसरं शोधत नाही.

दुसरा संशय उन्हाचा. गुरुजींच्या वडिलांकडे फियाट होती, आणि त्या पिढीतल्या कुणालाही विचारा: घाटात गाडी बंद पडली की बॉनेट उघडायचं, पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि चहा प्यायचा. पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफच दाबत बसतो, पुढे द्रव जात नाही. हा व्हेपर लॉक. आजच्या पेट्रोलमध्ये त्याची शक्यता वाढली आहे, हेही खरं. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की मिश्रणाचा बाष्पदाब वाढतो. साधारण 10 टक्क्यांच्या आसपास तो सर्वाधिक असतो आणि 20 टक्क्यांनाही साध्या पेट्रोलपेक्षा वरच राहतो. उसाच्या पट्ट्यात राहून इथेनॉलला नावं ठेवणं जड जातं, पण 1993 च्या गाडीला ते पाजताना तिच्या बाजूनंही थोडा विचार करायला हवा.

तरी व्हेपर लॉक इथे बसत नव्हता, आणि ते गुरुजींच्या एका उत्तरावरूनच कळलं. विचारलं, झटके सुरू झाले की तुम्ही काय करता? म्हणाले, पाय थोडा काढला की गाडी सावरते. बाजूला घेऊन इंजिन चालूच ठेवून दोन-तीन मिनिटं थांबलं की पुन्हा अर्धा-पाऊण किलोमीटर जोरात जाते, मग पुन्हा झटके.

आता हे नीट बघा. उष्णतेचा दोष असेल तर घाटात इंजिन चालू ठेवून थांबल्यावर तो वाढायला हवा. समोरून येणारी हवा थांबते, बॉनेटखालची गरमी चढते, पंप आणि नळ्या आणखी तापतात. गरम होऊन दगा देणारी कॉइलही उभ्या गाडीत थंड होत नाही. इथे उलट घडत होतं: इंजिन तितकंच गरम, पण दोन मिनिटांत तब्येत सुधारलेली. त्या दोन मिनिटांत एकच गोष्ट बदलत होती, ती म्हणजे पेट्रोलची मागणी. स्लोवर हे इंजिन मिनिटाला 10 मिलीच्या आसपास पेट्रोल पितं. घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय खाली दाबलेला असताना तेच 100 ते 130 मिलीपर्यंत जातं. म्हणजे दहापट. कार्बोरेटरच्या फ्लोटच्या कप्प्यात थोडाच साठा असतो. मागून येणारी धार बारीक झाली असेल तर तो साठा घाटात लवकर संपतो आणि स्लोवर उभं राहिलं की हळूहळू पुन्हा भरतो. अर्धा-पाऊण किलोमीटर जोर, मग झटके: हा त्या कप्प्याचा हिशोब आहे.

अर्थात हा झाला अंदाज. स्पार्क आणि पेट्रोल यांच्या उपासमारीचा आवाज ड्रायव्हरच्या कानाला जवळजवळ सारखाच येतो, त्यामुळे दोघांना वेगळं करणं भाग होतं, आणि तेही दोष चालू असताना. गॅरेजमध्ये उभी केलेली ही गाडी कुठलाच पुरावा देत नव्हती. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, तिन्ही सिलिंडरांत 11 ते 12 किलोच्या दरम्यान. इंजिनात हवा शिरते त्या इनटेकला व्हॅक्यूम गेज (ओढ मोजणारं मीटर) लावून रेस धरली तर काटा स्थिर. म्हणजे सायलेन्सर आतून कोसळून धूर अडवतोय असंही नाही. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबायचा प्रश्नच नव्हता, कारण तो आपल्याकडे 1995 पासून, आणि तोही आधी चार महानगरांतल्या नव्या गाड्यांत आला. या गाडीत तो नाहीच.

वाईत राहण्याचा एक फायदा: पसरणीचा घाट दारातच. वाई ते पाचगणी सुमारे 600 मीटरची चढण, म्हणजे इंजिनाला भार देणारं यंत्र फुकटात. गुरुजी पुण्याहून आले त्याच संध्याकाळी गाडी तशीच घाटात नेली. टायमिंग लाइट, म्हणजे प्रत्येक ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा, त्याची क्लिप एका प्लगच्या वायरीवर लावली, तारा बॉनेटच्या फटीतून बाहेर काढून दिवा काचेच्या खाली चिकटपट्टीनं बसवला, तोंड आमच्याकडे. मिस्त्री चालवत होता, मी दिव्याकडे बघत होतो. तिसऱ्या-चौथ्या वळणानंतर झटके सुरू झाले. दिवा मात्र एकसारखा लुकलुकत राहिला. इंजिन अडखळतंय आणि स्पार्क चुकत नाही, म्हणजे इग्निशनवर खर्च झालेले पैसे सगळे पाण्यात.

मग मिस्त्रीनं चोकची दांडी बोटभर ओढली. चोकनं हवेची वाट अडते आणि मिश्रण दाट होतं. इंजिन निरोगी असतं तर गरम असताना चोक ओढल्यावर ते गुदमरायला हवं होतं. इथे झटके कमी झाले आणि गाडीनं थोडा जोर धरला. मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी पडतंय, यावर शिक्का बसला.

इथवर सगळं सरळ चाललं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पंपाची धार मोजायची ठरलं. कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरायची आणि फ्लोटच्या कप्प्यात उरलेल्या पेट्रोलवर इंजिन अर्धा मिनिट चालवायचं. (हे काम थंड इंजिनावर, नळी घट्ट धरून आणि अग्निशामक शेजारी ठेवून करायचं. पॉइंटचा डिस्ट्रिब्युटर शेजारीच ठिणग्या पाडत असतो, हे विसरून चालत नाही.) धार आली मिनिटाला 450 मिलीच्या हिशोबानं. उत्तम. घाटाच्या गरजेच्या तिप्पट. गाडी पुन्हा पसरणीत नेली, तर पाचगणीपर्यंत एकही झटका नाही. काहीही दुरुस्त केलेलं नसताना गाडी बरी झाली होती.

असा क्षण गॅरेजमध्ये फार धोक्याचा असतो. "नळी काढून लावली, त्यात कचरा असेल तो निघाला" असं म्हणून गाडी परत देण्याचा मोह होतो. आम्ही काल आणि आज यांतला फरक काढत बसलो. हवा तीच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. शेवटी गुरुजींनाच विचारलं, गाडीला काही केलंत का? "काही नाही बाबा. तुम्ही घाटात फिरवणार, तुमच्या पेट्रोलचा भुर्दंड कशाला, म्हणून सकाळी येताना टाकी फुल केली."

काल टाकी अर्ध्याच्या खाली होती. आज फुल होती.

मग जुन्या इतिहासाकडे नव्यानं पाहिलं. गुरुजी एरवी 500 रुपयांचं पेट्रोल टाकतात, त्यात आता पाच लिटरही येत नाही. पण पुण्याला जायचं असलं की टाकी फुल. टाकी 28 लिटरची. वाई ते पुणे 90 किलोमीटरच्या आसपास. जाणं, शहरातली फिराफिर आणि परतीचे पहिले 50-60 किलोमीटर धरले तर खंबाटकीच्या पायथ्याशी येईतो दहाएक लिटर जळालेलं असतं. काटा अर्ध्याकडे झुकलेला. जाताना त्रास नाही आणि येताना आहे, याचं कारण बोगदा आणि घाट हे निम्मंच होतं. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर गाडी आठवडा-दोन आठवडे चांगली का चालायची? कारण गॅरेजमधून गाडी घेतली की गुरुजी ती तपासायला लांब न्यायचे आणि त्याआधी टाकी फुल करायचे. श्रेय कधी कॉइलला मिळालं, कधी कार्बोरेटरला, कधी पंपाला. मग गावातल्या गावात 500-500 रुपयांवर दिवस निघायचे. गावात चढ नाही, वेग नाही, मागणी कमी, त्यामुळे दोष लपून राहायचा.

आता दोष मुद्दाम उभा करता येणार होता. टाकीतलं पेट्रोल कॅनमध्ये काढून काटा पावच्या जवळ आणला आणि पंपाच्या अलीकडे पारदर्शक नळीचा तुकडा जोडला. इंजिन चालू केल्याबरोबर नळीत बुडबुड्यांची माळ दिसली. धार मोजली: जेमतेम 90 मिली, तीही थुंकत थुंकत.

पंपाला पेट्रोल कमी मिळण्याची दोन कारणं असू शकतात, आणि त्यांचा इलाज अगदी वेगळा आहे. एक, वाट तुंबली आहे: टाकीतल्या जाळीवर गंज बसलाय, फिल्टर भरलाय, किंवा टाकीचा श्वास बंद होऊन आत पोकळी होतेय. दोन, वाटेत कुठेतरी हवा शिरतेय. तुंबलेल्या वाटेत पंप जीव खाऊन ओढतो, म्हणून ओढीच्या बाजूला लावलेल्या व्हॅक्यूम गेजचा काटा वर जातो. हवा शिरत असेल तर पंपाला ओढायला अडथळाच नसतो, काटा खाली लोळतो. आमचा काटा लोळत होता. गेजच्या मागची नळी चिमटीत दाबली की काटा झटकन चढत होता. पंप धडधाकट होता. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, काही फरक नाही.

हवा शिरणारी जागा पेट्रोल गळवत नाही, हे इथे लक्षात घ्यायला हवं. टाकी ते पंप या पट्ट्यात इंजिन चालू असताना दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. चिरलेल्या रबरी नळीतून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग पडत नाही आणि वासही येत नाही. म्हणून आधी संशय रबराच्या नळ्यांवर गेला, कारण 20 टक्के इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ होतं आणि मग तडकतं. पण वाटेतला एकेक तुकडा वगळून बघितलं. बॉनेटबाहेर ठेवलेल्या बाटलीतून थेट पंपाला पेट्रोल दिलं तर धार पूर्ण. तीच बाटली गाडीखाली टाकीच्या तोंडाशी नेऊन गाडीच्या सगळ्या नळ्यांमधून ओढलं, तरी धार पूर्ण, एक बुडबुडा नाही. राहिली फक्त टाकी. कॅनमधलं पेट्रोल हळूहळू परत ओतत गेलो तेव्हा काट्यानं अर्ध्याची रेघ ओलांडली आणि बुडबुडे थांबले.

मागची सीट काढून पेट्रोलच्या काट्याचं युनिट टाकीत बसतं त्या भोकातून मोबाइलला जोडायचा कॅमेरा आत सोडला. टाकीच्या वरच्या पत्र्यातून तळाकडे जाणारी ओढीची नळी मधोमध गंजून खरबरीत झालेली, आणि त्या गंजात सुईचं टोक जेमतेम जाईल असं भोक. पेट्रोल त्याच्या वर असलं की ते भोक बुडालेलं, पंपाला दोन्हीकडून पेट्रोलच मिळतं. पातळी खाली गेली की भोक उघडं, आणि पंप तळातून पेट्रोल ओढताना मधूनच हवेचे घोट घेतो. चढावर गाडीचं नाक वर होतं, पेट्रोल मागे सरकतं, त्यामुळे काटा काय सांगतो आणि भोकापाशी खरी पातळी काय आहे यांत फरक पडतो. म्हणून कधी अर्ध्यावर त्रास, कधी त्याच्या बराच खाली. भोक याहून मोठं असतं तर पंपाला पेट्रोल तळातून वर उचलताच आलं नसतं, गाडी स्लोवरही बंद पडली असती आणि रोग पहिल्याच दिवशी सापडला असता. ते बारीक होतं म्हणूनच एवढे पार्ट खाऊन गेलं.

गंज मधोमधच का, याचं माझं उत्तर असं: ही गाडी वर्षानुवर्षं अर्ध्या-पाव टाकीवर उभी राहिली. रात्री टाकी गार झाली की बाहेरची दमट हवा आत येते, आणि पावसाळ्यात ती हवा पाणी घेऊनच येते. उघड्या लोखंडावर ते पाणी बसतं. पेट्रोलखाली बुडालेला भाग त्यातल्या त्यात सुरक्षित, वरचा उघडा भाग गंजतो, आणि पातळी जिथे रोज वरखाली होते तो पट्टा सगळ्यात जास्त. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, त्यामुळे त्याचा हातभार लागला असेल. पण बत्तीस वर्षांच्या नळीचं सगळं पाप दोन-तीन वर्षांच्या पेट्रोलवर ढकलणं मला पटत नाही.

दुरुस्तीत एक गोष्ट ठामपणे नाकारली. मिस्त्रीच्या ओळखीचा एक वेल्डर टाकी उतरवून नळीला पितळेचं ब्रेझिंग (आगीनं पितळ वितळवून सांधणं) करून द्यायला तयार होता. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी वाफेनं भरलेली असते, आणि ती भरलेल्या टाकीपेक्षा जास्त स्फोटक असते. धुतली, सुकवली, पाणी भरलं, तरी सांध्यात वाफ राहतेच. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात याच मॉडेलची, आतून बऱ्यापैकी स्वच्छ टाकी मिळाली. आधी बदललेल्या पार्टांच्या बेरजेपेक्षा ती स्वस्त पडली, हे गुरुजींना मुद्दाम सांगितलं नाही. त्यांनी स्वतःच हिशोब काढला. बॅटरीची अर्थिंगची वायर काढून टाकी बदलली. सोबत रबराच्या सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि फिल्टर नवा टाकला. कॉइल, पॉइंट, पंप आहेत तसेच ठेवले. त्यांचा दोष कधीच नव्हता.

चाचणी अर्थातच पाव टाकीवर घेतली. पसरणीत आधी, मग गुरुजी स्वतः पुण्याला जाऊन आले आणि परतीला खंबाटकीच्या पायथ्याशी काटा अर्ध्याच्या खाली असताना चढले. झटके गेले. एक बारीक गोष्ट उरली: पाय एकदम दाबला की क्षणभर गाडी विचार करते, मग उचलते.

हा वेगळा विषय, पण याच गाडीत सापडला म्हणून लिहितो. साधं पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते. इथेनॉलला 9 किलोच पुरते. 20 टक्के मिश्रणाला हा आकडा साधारण 13.5 येतो. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो, तो पेट्रोल वाढवून घेतो. कार्बोरेटरला हे कळत नाही. पेट्रोल मापून सोडणाऱ्या जेटचं भोक 1993 च्या पेट्रोलच्या मापाचं. म्हणजे मिश्रण कायमच सात-आठ टक्के पातळ. प्लग काढले तर टोकं पांढुरकी होती. मेन जेट एक नंबर मोठा घातला, प्लग फिकट तपकिरीवर आले, आणि ती अडखळ गेली. मोठ्या जेटमुळे पीयूसीत गाडी नापास होईल अशी भीती गुरुजींना होती. पण या वयाच्या पेट्रोल गाडीची चाचणी स्लोवर होते, कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा 3 टक्के, आणि स्लोवर किती पेट्रोल जायचं हे मेन जेट ठरवत नाही. ते स्लो जेटचं आणि मिक्सर स्क्रूचं काम, आणि त्यांना आम्ही हात लावला नव्हता. गाडी पहिल्याच फेरीत पास झाली.